भेटवस्तूंची निवड व पाठवणी : स्वयंचलित तंत्रज्ञानाचा उपयोग आणि मर्यादा

गोषवारा :
भेट देणे ही सामाजिक संबंध टिकविणारी एक महत्त्वाची कृती होय. गेल्या तीन दशकांत भेटवस्तूची आठवण, निवड, देयक आणि पोहोच या चारही टप्प्यांत संगणकाचा शिरकाव झाला आहे. सदर लेखात या तंत्रज्ञानाची कार्यपद्धती सोप्या भाषेत स्पष्ट केली असून मराठी समाजातील आहेर, ओवाळणी, वाण इत्यादी प्रथांच्या संदर्भात त्याची उपयुक्तता आणि मर्यादा तपासली आहे.

बीजशब्द : भेटवस्तू, आहेर, स्वयंचलित तंत्रज्ञान, शिफारस प्रणाली, व्यक्तिगत माहिती.

प्रस्तावना :
मनुष्य हा समाजशील प्राणी असल्यामुळे देणे-घेणे हा त्याच्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे. बारशापासून सेवानिवृत्तीपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी काही ना काही देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. पूर्वी कुटुंबातील एखादी वडीलधारी स्त्री कोणाला काय द्यायचे, मागच्या वेळी त्यांच्याकडून काय आले होते, कोणाचा मान मोठा, हे सर्व लक्षात ठेवीत असे. नोकरीनिमित्त झालेले स्थलांतर, विभक्त कुटुंबे आणि वेळेचा अभाव यांमुळे ही स्मृती आता कमी पडू लागली आहे. ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन स्वयंचलित तंत्रज्ञान देते. हे आश्वासन कितपत पूर्ण होते, याचा ऊहापोह करणे आवश्यक वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) भेटवस्तूच्या व्यवहाराचे सामाजिक व आर्थिक स्वरूप समजून घेणे.
२) भेटवस्तूंची निवड व पाठवणी करणाऱ्या तंत्रज्ञानाचा विकास व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
३) मराठी समाजातील प्रथांच्या संदर्भात सदर तंत्रज्ञानाच्या मर्यादांचा शोध घेणे.
४) महाविद्यालयीन व्यवहारात त्याचा विवेकी वापर सुचविणे.

अभ्यास पद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीवर आधारित असून त्यासाठी दुय्यम साधनांचा व प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घेतला आहे.

भेटीचे सामाजिक व आर्थिक स्वरूप :
फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेटीमागे देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने असतात, असे प्रतिपादन केले. भेट वरकरणी ऐच्छिक दिसत असली तरी तिच्यामागे कर्तव्याची साखळी असते, हा या विचाराचा गाभा होय. मराठी वाचकाला हे समजण्यास आहेराची वही पुरेशी आहे. लग्नमंडपात एका कोपऱ्यात बसून कोणी किती रक्कम वा कोणती वस्तू दिली याची नोंद करणारा नातेवाईक हे आपल्याकडचे परिचित दृश्य आहे. पुढे त्या घरी कार्य निघाले की ही वही उघडली जाते आणि आलेल्या आहेराच्या बरोबरीने किंवा किंचित वरचढ आहेर केला जातो. अनेक निमंत्रणपत्रिकांवर आता आहेर न आणण्याची विनंती छापलेली असते. परतफेडीच्या या साखळीतून स्वतःला व पाहुण्यांना मोकळे करण्याचा तो प्रयत्न आहे, असे म्हणता येईल.

अर्थशास्त्राची दृष्टी याहून वेगळी आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींविषयी एक बहुचर्चित लेख लिहिला. भेटवस्तूची बाजारातील किंमत आणि ती मिळालेल्या व्यक्तीला वाटणारे तिचे मूल्य यांत अंतर असते व या अंतरापोटी किमतीचा सुमारे दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मित्रांनी दिलेल्या भेटींत हा अपव्यय कमी आणि दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत अधिक आढळला. ज्याला घेणाऱ्याची आवड ठाऊक नाही त्याची निवड चुकते, हा त्याचा सरळ अर्थ. तथापि सॉलनिक व हेमेनवे यांनी १९९६ मध्ये याच नियतकालिकात वेगळा निष्कर्ष मांडला. त्यांच्या पाहणीत भेटवस्तूचे मूल्य तिच्या किमतीहून अधिक मानले गेल्याचे दिसून आले. देणाऱ्याच्या भावनेचे मोल वस्तूच्या किमतीत मिळवावे की नाही, हा या वादाचा कळीचा मुद्दा आहे आणि स्वयंचलित तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करतानाही तोच उपस्थित होतो.

तंत्रज्ञानाचा विकास :
दुरून भेट पाठविण्याचे श्रम कमी करण्याचा प्रयत्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने मागणी स्वीकारण्याची व्यवस्था उभारली. ग्राहकाने आपल्या गावातील दुकानात पैसे भरावयाचे, त्या दुकानाने परगावच्या विक्रेत्याला तार करावयाची आणि तेथील विक्रेत्याने ताजी फुले पोहोचवावयाची, अशी ही रचना होती. प्रवास मागणीचा होत असे, फुलांचा नव्हे. आजची फूल व केक पोहोचविणारी बहुतेक संकेतस्थळे याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडील शुभेच्छा तारांमध्ये तर मजकुराची निवडसुद्धा सोपी केलेली होती. तार कार्यालयातील यादीतून शुभेच्छेच्या वाक्याचा केवळ क्रमांक निवडावयाचा असे. तारेतून क्रमांक जाई व पोहोचणाऱ्या कार्यालयात त्याचे पूर्ण वाक्य उमटे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शुभेच्छेचा मजकूर लिहवून घेणे आज अनेकांना खटकते. परंतु तयार वाक्ये वापरण्याची सवय आपणांस जुनीच आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

दुसरा प्रवाह घेणाऱ्याची पसंती आधीच नोंदवून ठेवण्याचा आहे. शिकागो येथील मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये वधूवरांना हव्या असलेल्या वस्तूंची नोंदवही सुरू केली. १९९३ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने ही नोंदणी संगणकावर आणली, तर १९९९ मध्ये अॅमेझॉनने इच्छा-यादीची सोय केली. येथे निवडीचा भार देणाऱ्यावरून घेणाऱ्याकडे सरकतो. फ्रान्सेस्का जिनो व फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार घेणाऱ्यांना त्यांनी स्वतः मागितलेली वस्तू अधिक आवडते. देणाऱ्यांना मात्र आपण स्वतः शोधलेली वस्तू अधिक विचारपूर्वक दिल्यासारखी भासेल असे वाटते. देणारा आणि घेणारा यांच्यातील हा गैरसमज लक्षात घेण्याजोगा आहे.

तिसरा प्रवाह शिफारस प्रणालींचा. १९९० च्या दशकाच्या आरंभी अनेक वापरकर्त्यांच्या पसंतीवरून दुसऱ्याची पसंती ओळखणाऱ्या पद्धती विकसित झाल्या. त्यांना 'कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग' असे म्हणतात. अॅमेझॉनच्या ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ व जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये या कंपनीत वापरात असलेल्या वस्तू-ते-वस्तू पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची त्यात भर पडली असून साध्या वाक्यात प्रसंग, वय व रक्कम सांगितली असता वस्तूंची यादी मिळू शकते.

स्वयंचलित पद्धतीची कार्यप्रणाली :
भेटीच्या व्यवहाराचे स्मरण, निवड, देयक व पोहोच असे चार टप्पे करता येतात.

स्मरणाच्या टप्प्यात संगणक दिनांकांची नोंद ठेवून वेळेपूर्वी सूचना देतो. हे काम वरकरणी सोपे दिसते, परंतु आपल्या सणांच्या बाबतीत ते तसे नाही. यंत्राचे 'दरवर्षी पुनरावृत्ती' हे सूत्र इंग्रजी दिनांकावर चालते. भाऊबीज मात्र कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते. ती २०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला, तर २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला होती. ३ नोव्हेंबरची सूचना लावून निश्चिंत झालेल्या भावाची ओवाळणी पुढील वर्षी अकरा दिवस उशिरा पोहोचली असती. अधिक मासाचे वाण तर दरवर्षी नसतेच. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. जावयाला तेहतीस अनारसे देण्याची ही रीत पंचांगाशी जोडलेल्या यादीतच बसू शकते. त्यामुळे तिथीवर आधारित दिनदर्शिका जोडणे ही मराठी वापरकर्त्यासाठी पहिली गरज ठरते.

निवडीच्या टप्प्यात वस्तू-ते-वस्तू पद्धत वापरली जाते. समजा, आकाशकंदील घेणाऱ्या शंभर ग्राहकांपैकी साठ जणांनी उटणेही घेतले, तर प्रणाली या दोन वस्तूंमधील जवळीक नोंदविते आणि पुढील कंदील-खरेदीदाराला उटणे सुचविते. ग्राहक कोण आहे, दिवाळी म्हणजे काय, हे तिला समजण्याची आवश्यकता नसते. स्वतःसाठीच्या खरेदीत ही युक्ती उपयोगी पडते. भेटीच्या बाबतीत मात्र एक मूलभूत अडचण उद्भवते. प्रणालीकडे नोंद असते ती देणाऱ्याची. आवड हवी असते घेणाऱ्याची. एखाद्या प्राध्यापकाने भाचीसाठी एकदा चित्रकलेचे साहित्य घेतले की पुढे कित्येक दिवस त्यालाच रंगपेट्या सुचविल्या जातात, याचे कारण हेच. शिवाय प्रणाली आपले यश विक्रीवरून मोजते. भेट न आवडलेला पाहुणा तक्रार करीत नाही, संकोचाने आभारच मानतो. त्याचे हे मौन यंत्राच्या हिशेबी यश म्हणून नोंदले जाते. परिणामी भेट चुकल्याचे शिक्षण यंत्राला क्वचितच मिळते.

देयकाच्या टप्प्यावर भारतात बरीच प्रगती झाली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे ओवाळणी क्षणात पोहोचते. भेटपत्रांबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांत अशा पूर्वदत्त साधनाची कमाल मर्यादा १०,००० रुपये असून त्यात पुन्हा रक्कम भरता येत नाही व ते रोखीतही बदलता येत नाही. म्हणजेच घेणाऱ्याचे स्वातंत्र्य रोख ओवाळणीपेक्षा कमी असते. शिवाय अशी भेटपत्रे बहुधा पूर्ण रकमांची असतात, तर आपल्याकडे १०१ वा ५०१ देण्याचा प्रघात आहे. पाकिटावर चिकटविलेला एक रुपयाचा तो शिक्का 'देणे इथे संपले नाही' असे सुचवितो. पूर्ण रकमेच्या भेटपत्रात हा संकेत हरवतो.

पोहोच हा यंत्राच्या दृष्टीने सर्वांत सुटलेला टप्पा होय. परदेशी असलेला मुलगा सांगलीतील आईवडिलांना त्याच गावच्या दुकानातून मिठाई पाठवू शकतो आणि ती मिळाल्याचा संदेशही त्याला येतो. हा लाभ नाकारता येणार नाही.

मर्यादा व धोके :
पहिला धोका असा की, यंत्राला नात्यातील बदल कळत नाही. या संदर्भात प्रस्तुत लेखिकेचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. लेखिकेने वडिलांच्या वाढदिवसाची नोंद एका विक्री-संकेतस्थळावर केली होती व तेथून त्यांना शाल पाठविली होती. पुढील वर्षी वाढदिवसापूर्वी आठ दिवस संदेश आला : 'बाबांचा वाढदिवस जवळ आला आहे, मागील भेट पुन्हा पाठवावी काय?' वडिलांचे निधन होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. संदेशाखाली दोनच पर्याय होते. 'नंतर आठवण करा' आणि 'सर्व सूचना बंद करा'. ही व्यक्ती आता नाही, हे सांगण्यासाठी तिसरा पर्याय नव्हता. सर्व सूचना बंद केल्या असत्या तर आईच्या वाढदिवसाची आठवणही गेली असती. यात संकेतस्थळाचा दुष्ट हेतू होता असे नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांच्या यादीत 'मृत्यू' ही शक्यताच नव्हती, एवढेच. ब्रिटनमधील ब्लूम अँड वाइल्ड या फूलविक्रेत्या कंपनीने २०१९ मध्ये मातृदिनाचे संदेश नको असलेल्या ग्राहकांना तेवढेच संदेश बंद करण्याची मुभा दिली. हा उपाय तांत्रिकदृष्ट्या अत्यंत साधा आहे. तो सुचण्यासाठी मात्र माणसाचा विचार करावा लागला.

दुसरा धोका प्रथेतील विषमतेच्या पुनरावृत्तीचा. मागील नोंदींवरून शिकणारी प्रणाली मागील भेदही शिकते. संक्रांतीच्या वाणाची यादी जुन्या नोंदींवरून तयार झाली तर ज्या विधवा स्त्रियांना हळदीकुंकवाला बोलावले जात नव्हते, त्या यादीतही येणार नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. समाज असा बदलत असतो. जुनी यादी मात्र आपोआप बदलत नाही.

तिसरा धोका भेटीचा अर्थच बदलण्याचा. अॅमेझॉनला २०१० मध्ये मिळालेल्या एका पेटंटमध्ये नकोशी भेट घरी पोहोचण्यापूर्वीच बदलून घेण्याची पद्धत वर्णिली आहे. एखाद्या विशिष्ट नातेवाइकाकडून येणारी प्रत्येक भेट आपोआप बदलावी, असा नियम घालण्याची कल्पनाही त्यात आहे व उदाहरणादाखल 'आत्या मिल्ड्रेड' हे नाव योजले आहे. देणाऱ्याचे यंत्र निवड करणार आणि घेणाऱ्याचे यंत्र ती परस्पर परतविणार, अशी स्थिती यातून कल्पिता येते. अपव्यय टळला तरी मॉस यांनी सांगितलेल्या तीन बंधनांपैकी 'स्वीकारणे' हे बंधन येथे गळून पडते. आत्याने दिलेले न शोभणारे कापडही आपण एकदा तरी अंगावर घालतो, ते तिच्यासाठी. हा संकोच निरुपयोगी म्हणून दूर सारण्यापूर्वी विचार व्हावयास हवा.

चौथा धोका व्यक्तिगत माहितीचा. भेट पाठविताना आपण दुसऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक व जन्मदिनांक त्याला न विचारता कंपनीच्या स्वाधीन करतो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कंपनीला मात्र ही सूट नाही. या अधिनियमाखालील नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तसेच फसव्या रचनांविषयीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार नमूद आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीत परस्पर भर घालणे, हा त्यांपैकी एक होय. न मागता जोडलेले वेष्टनाचे शुल्क याच प्रकारात मोडते.

महाविद्यालयीन संदर्भ :
हा विषय महाविद्यालयांनाही लागू पडतो. सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ, पाहुण्यांचा सत्कार, सहकाऱ्यांच्या घरचे कार्य अशा प्रसंगी वर्गणीचा कागद स्टाफरूममध्ये फिरतो, ऐनवेळी कोणीतरी बाजारात धावतो आणि शाल-श्रीफळ आणले जाते. एकाच वक्त्याला तीन वर्षांत तिसऱ्यांदा तेच स्मृतिचिन्ह दिले गेल्याची उदाहरणे विरळ नाहीत. यासाठी महागडी आज्ञावली घेण्याची गरज नाही. संगणकावर व्यक्ती, प्रसंग, दिनांक, पूर्वी दिलेली भेट आणि विशेष नोंद अशा पाच रकान्यांचे कोष्टक पुरेसे आहे. दिनांक जवळ आला की समिती-सदस्यास सूचना जावी, वर्गणी यूपीआयद्वारे जमा व्हावी व हिशेब आपोआप मांडला जावा. काय द्यावयाचे हे मात्र समितीने बसून ठरवावे. निवृत्त होणारे ग्रंथपाल कोणत्या विषयाचे वाचन करतात, हे त्यांच्याकडून पुस्तके नेणाऱ्या सहकाऱ्यांना ठाऊक असते, कोष्टकाला नाही.

सूचना :
१) स्मरण, हिशेब व पोहोच हे टप्पे यंत्राकडे सोपवावेत, निवडीसाठी यंत्राची यादी घ्यावी, निर्णय घेऊ नये.
२) आवर्ती देयकांबाबत रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याच धर्तीवर कोणतीही स्वयंचलित भेट पाठविणाऱ्याच्या ताज्या होकारावाचून पाठविली जाऊ नये.
३) प्रत्येक नोंदीपुढे एकाच व्यक्तीची सूचना कायमची व नम्रपणे बंद करण्याचा पर्याय असावा.
४) मराठी वापरकर्त्यांसाठी तिथी व अधिक मास यांची दखल घेणारी दिनदर्शिका असावी.
५) वर्षातून एकदा यादी स्वतः वाचावी, कोण नव्याने यावयास हवे व कोण राहून गेले, ते पाहावे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, स्वयंचलित तंत्रज्ञान भेटीतील श्रम निश्चितपणे कमी करते. दिनांक विसरणे, रांगेत उभे राहणे, पार्सल हरविणे या अडचणी त्यामुळे बऱ्याच अंशी दूर झाल्या आहेत. परंतु भेटीतील श्रमांपैकी काही श्रम हेच भेटीचे मूल्य असतात. समोरच्या व्यक्तीचा काही काळ विचार करणे, हा तो श्रम होय. आहेराची वही लिहिणारा नातेवाईकसुद्धा एका अर्थी यंत्राचेच काम करीत असे. पण वही उघडणारी व्यक्ती नावे वाचताना त्या माणसांची विचारपूस करीत असे, कोण आजारी आहे, कोण गेले, हे तेव्हाच घरात बोलले जाई. संगणकाने वहीची जागा घेण्यास हरकत नाही. ती उघडून वाचण्याचे काम मात्र आपण आपल्याकडेच ठेवावयास हवे.